आपण उतरतो

शशीने वरून हाक दिली तेव्हा माझ्या तोंडात चिक्की होती. सकाळपासून खिशात राहून मऊ पडलेली शेंगदाण्याची चिक्की, दाढेला घट्ट चिकटलेली. ती मी जिभेने सोडवत होते, त्यामुळे पहिली हाक मला नीट कळलीच नाही.

"काय म्हणालास?" मी ओरडले.

वारा सुळक्याला वळसा घालून खिंडीत घुसत होता. शशी माझ्या डोक्यावर साठेक फुटांवर होता, पण खडकाच्या एका फुगवट्याआड गेल्यामुळे मला दिसत नव्हता. दिसत होता तो फक्त दोर. माझ्या कमरेभोवती वळसा घेऊन, माझ्या दोन्ही हातांतून निघून, खडकात ठोकलेल्या खिळ्यांच्या कड्यांतून वर गेलेला.

"आपण उतरतो," शशी पुन्हा ओरडला. या वेळी शब्द न् शब्द स्पष्ट आला.

"ठीक आहे," मी म्हटलं.

"ठीक?"

"ठीक, ठीक."

एवढंच बोलणं झालं. एकाने सांगितलं, दुसऱ्याने होकार दिला, पहिल्याने खात्री करून घेतली. आमचे अप्पा खांबेटे शिकवायचे अगदी तसंच. त्यात नाव ठेवायला जागा नव्हती.

अप्पा म्हणजे आमच्या 'दगडफूल' गिर्यारोहण मंडळाचे सर्वेसर्वा. पन्नाशीचे, करवंदाच्या जाळीसारख्या मिशांचे, आणि शिस्तीच्या बाबतीत अगदी लष्करी. पुण्यातल्या आम्ही दहा-बारा जणांनी त्यांच्या हाताखाली दोर धरायला शिकून घेतलं होतं. १९८८ च्या जानेवारीत खुंटा नावाचा हा सुळका चढायला आम्ही आलो होतो. अप्पा आणि बाकीचे तिघे खाली पायथ्याशी. वर खिंडीत फक्त मी आणि शशी. तो चढणार, मी दोर धरणार.

दोराच्या बाबतीत अप्पांनी दोन गोष्टी आमच्या डोक्यात पक्क्या बसवल्या होत्या. वर चढलेला गडी नुसता चार पावलं मागे येणार असेल, तर खालच्याने दोर ताणून धरायचा आणि त्याचा भार पेलायला तयार राहायचं. पण मोहीमच सोडून माघारी फिरायचं असेल, तर वरचा गडी दोर खिळ्यातून दुहेरी ओवून स्वतःच घसरत खाली येणार. त्यासाठी त्याला सगळा दोर वर ओढून घ्यावा लागतो, म्हणून खालच्याने तो मोकळा सोडायचा. एकात धरायचं, दुसऱ्यात सोडायचं. हाक दोन्हींना एकच, 'उतरतो'. आणि माघार कधीही एकट्याने ठरवायची नाही. वरच्याने म्हणायचं, खालच्याने हो म्हणायचं, मगच.

मी हो म्हटलं. फार चटकन म्हटलं, हेही सांगून टाकते. चार तास त्या खिंडीत बसून माझे पाय बधिर झाले होते, ऊन कलायला लागलं होतं, आणि शशी वरच्या फुगवट्याशी तासभर झटापट करत होता. 'आपण उतरतो' ऐकलं आणि सुटल्यासारखं वाटलं. बरं झालं, सुचलं एकदाचं, असं मनात म्हणत मी कमरेचा वळसा सोडला. दोर शेजारच्या सपाट दगडावर ठेवला आणि उरलेली चिक्की तोंडात टाकली.

दोर वर जाऊ लागला. मला वाटलं, शशी ओढून घेतोय.

माणूस दोर ओढून घेतो तेव्हा तो हात-हात करत जातो. थोडा जातो, थांबतो, पुन्हा जातो. हा दोर थांबत नव्हता. एक सेकंद, फार तर दीड सेकंद, मी त्याच्याकडे बघत राहिले. वेटोळं दगडावरून उड्या मारत उलगडत होतं. मग वरून दगडांचा आवाज आला, आणि मी दोन्ही हातांनी दोर पकडला.

हातांतून धूर निघाल्याचं मला आठवतं. कातडी जळाल्याचा वास आठवतो. मी ओरडले का, ते आठवत नाही. मी स्वतः एका खिळ्याला बांधलेली होते म्हणून ओढली गेले नाही. दोर हातांतून सरकत राहिला आणि मग एकदम ढिला पडला. माझ्या डाव्या बाजूला, दहा-बारा फूट खाली, कारवीच्या झुडपांत शशी पडला होता. त्याचा एक पाय चुकीच्या दिशेला वळलेला होता. डोळे अर्धवट उघडे होते.

"शशी," मी म्हटलं. चिक्की अजून तोंडातच होती. मी ती थुंकली आणि पुन्हा म्हटलं, "शशी."

त्याला खाली कसं नेलं, ते मी फक्त तुकड्यातुकड्यांत सांगू शकते. अप्पा धापा टाकत वर आले. पायथ्याच्या वाडीतून चौघे जण घोंगडी आणि दोन बांबू घेऊन आले, त्यांनी डोली केली. ते चौघे तीन तास चालले. वाटेत कोणी कोणाला 'थांब' म्हणालं नाही, 'खांदा बदल' म्हणालं नाही. एकाचा श्वास बदलला की दुसरा पुढे यायचा. मी मागून चालत त्यांच्या पायांकडे बघत होते. चारही माणसांची पावलं एकदम पडत होती, आणि मला ते बघवत नव्हतं. का, ते तेव्हा कळलं नाही.

पुण्याच्या रुग्णालयात डॉक्टरांनी सांगितलं की कंबर आणि मांडी मोडलीय, डोक्याला मार आहे, पण तो जगेल. वर्षभराने चालेल. दोन वर्षांनी चढेलही. आणि माझ्या पट्ट्या बांधलेल्या हातांकडे बघून म्हणाले, "यांनी दोर धरून पडण्याचा वेग मारला म्हणून वाचला. नाहीतर काही उरलं नसतं."

झालं. मी शूर ठरले. मंडळातली माणसं येऊन माझे हात बघून जायची. शाळेत, जिथे मी मराठी शिकवायचे, मुख्याध्यापिका बाईंनी प्रार्थनेनंतर माझं नाव घेऊन टाळ्या वाजवायला लावल्या. दोन्ही हात बोक्याच्या पंजांसारखे गुंडाळलेले असल्यामुळे मला उलट नमस्कारही करता आला नाही.

अप्पांनी मला एकदाच विचारलं. "निर्मला, तो नेमकं काय म्हणाला?"

"'आपण उतरतो.'"

"शब्द हेच?"

"हेच. दोनदा म्हणाला. दुसऱ्यांदा मी स्वच्छ ऐकलं."

"तू काय म्हणालीस?"

"ठीक आहे. त्याने परत विचारलं, ठीक? मी म्हटलं, ठीक, ठीक."

अप्पांनी मिशी चावली. "मग त्याने दोर ओढून घ्यायच्या आधीच त्यावर भार का टाकला? माघार म्हणाला, आणि मग विचार बदलला? न सांगता?"

"मला नाही माहीत, अप्पा."

खरंच माहीत नव्हतं. मी खोटं बोलले नाही. एवढं एक मी अजून स्वतःच्या बाजूने म्हणू शकते.

यात शशीचं काय पणाला लागलं होतं, ते सांगायला हवं. उत्तरेतल्या एका गिर्यारोहण संस्थेत प्रशिक्षकाच्या कोर्ससाठी त्याची निवड झाली होती. आमच्यापैकी कोणालाच ते जमलेलं नव्हतं. तारखात्यातली नोकरी सोडून डोंगरातच जगायचं, हे त्याचं एकमेव स्वप्न होतं आणि ते दारात येऊन उभं होतं. संस्थेने तारेने कळवलं की बरा होईपर्यंत जागा राखून ठेवू, फक्त मंडळाचा अपघात अहवाल पाठवा. माणूस पडला म्हणून संस्था त्याला नाकारणार नव्हती. पण ज्याने जोडीदाराला न सांगता दोरावर भार टाकला, त्याच्या हाती पोरं कोण देईल?

अप्पांनी लिहिलेला अहवाल मी वाचला. 'आरोहक शशिकांत घाडी यांनी माघारीची सूचना दिली. खालील सदस्याने होकार दिल्यावर नियमानुसार दोर मोकळा करण्यात आला. त्यानंतर घाडी यांनी सूचना न देता दोरावर भार टाकला.' खाली छापील रकाना होता, 'चूक कोणाची', आणि त्यात अप्पांच्या टपोऱ्या अक्षरात शशीचं पूर्ण नाव. माझी सही व्हायची होती. हात बरे झाले की करू, असं ठरलं.

तिसऱ्या दिवशी शशी शुद्धीवर आला. त्याला सकाळचा चहा आठवत होता, खिंडीपर्यंतची वाट आठवत होती. पुढचं सगळं पुसलं गेलं होतं. अप्पांनी त्याला अहवाल वाचून दाखवला. मी पायाशी उभी होते.

"असं केलं मी?" त्याने विचारलं.

"निर्मलाने जे ऐकलं त्यावरून तरी असंच दिसतं."

शशी माझ्या हातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाईंनी ऐकलं म्हणजे तसंच असणार. बाईंचे कान पक्के."

बाई म्हणजे मीच. तो मला चिडवून बाई म्हणायचा, कारण मी त्याला मराठी शिकवलं होतं. म्हणजे मराठी त्याला येतच होतं, मी ते घासूनपुसून घेतलं होतं. शशी मुंबईचा, लालबाग भागात वाढलेला. बदली होऊन पुण्यात आला तेव्हा त्याच्या तोंडी 'नाय' आणि 'व्हतं' असायचं, आणि मला ते ऐकवायचं नाही. मी टोकायचे, तो हसून दुरुस्त करायचा. दोन वर्षांत तो असा बोलायला लागला की कोणी त्याला सदाशिव पेठेतला समजावं. माझी ही कामगिरी मी चारचौघांत सांगायचे.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी रुग्णालयात गेले तेव्हा शशी झोपला होता. बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात बाकावर त्याचे वडील बसले होते. तात्या घाडी. गिरणी बंद पडल्यापासून घरीच असलेले, वाळलेले, ताठ पाठीचे. शेजारी त्याची बहीण शैला थर्मास उघडत होती. मला बघून तात्या उठून उभे राहिले. मला संकोच वाटला.

"बसा ना तात्या."

ते बसले नाहीत. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"बाय, माझ्या पोरान् तुमचे हात जाळले," ते म्हणाले. "त्याच्या वतीन् मी माफी मागतो. तो लहानपणापासून असो नव्हतो. सांगितल्याबिगर पाऊल टाकणारो नव्हतो. काय झाला त्याका, कळत नाय."

मी 'असं म्हणू नका' वगैरे पुटपुटले. त्यांचे डोळे कोरडे होते आणि जोडलेले हात ते खाली घेत नव्हते. मी त्यांना खांद्याला धरून बसवलं, म्हणजे पट्टीच्या टोकांनी जमेल तसं.

शैलाने चहा ओतला. एक कप माझ्या दोन गुंडाळलेल्या पंजांमध्ये नीट बसवून दिला. दुसरा तात्यांपुढे केला. तात्यांनी मान हलवली.

"आपण संध्याकाळचो चा नाय घेत," ते म्हणाले.

मी कप ओठांपर्यंत नेला होता. थांबले. मला वाटलं, मुलगा उठेपर्यंत या घरात काही नेम केलेला असेल, सगळ्यांनी मिळून संध्याकाळचा चहा सोडला असेल, आणि आपण मात्र सुरका मारायला निघालो. मी कप हळूच बाकावर ठेवला.

शैला म्हणाली, "अहो ताई, ठेवला का? घ्या ना."

"नको. तात्या म्हणाले ना, आपण घेत नाही."

शैलाला हसू आलं. इतक्या दिवसांत मी तिला पहिल्यांदाच हसताना बघितलं.

"तुम्ही घ्या हो. तात्या त्यांच्यापुरतं बोलतायत. आपण म्हणजे ते. त्यांना पित्त होतं संध्याकाळी. आमच्याकडे सगळे पुरुष असंच बोलतात, आपण नाय जात, आपण नाय खात. दादा पण आधी असंच बोलायचा. पुण्याला गेला आणि साहेब झाला."

मी कपाकडे बघत होते. चहावर साय धरत होती.

काही गोष्टी माणसाच्या डोक्यात येत नाहीत, अंगात येतात. आधी माझे हात दुखायला लागले. पट्टीच्या आतले, जळलेले, सेकंदभर उशिरा मिटलेले हात. मग मला दोन वर्षांपूर्वीची एक दुपार दिसली. एका किल्ल्यावर आम्ही जेवायला बसलो होतो, मी कांदा चिरून वाढत होते, आणि मंडळात नवाच आलेला शशी म्हणाला होता, "आपण कांदा नाय खात." मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "आपण म्हणजे कोण रे? आम्ही तर खातो. मी म्हणायला लाज वाटते का? का तुम्ही राजे आहात?" सगळे पोट धरून हसले होते. शशी कानापर्यंत लाल झाला होता. त्या दिवसानंतर तो कायम 'मी' म्हणायचा. मला आवडायचं ते.

पण साठ फुटांवर, बोटं सोलवटलेली असताना, तासभर झटून हरल्यावर माणूस बाईंनी शिकवलेलं मराठी बोलत नाही. घरचं बोलतो.

आपण उतरतो. मी उतरतो. चार पावलं मागे येतो, दोर धर.

मी ते स्वतःशी म्हणून बघितलं. मी बाई. मी माझ्यापुरतं 'उतरते' म्हणते आणि सगळ्यांचं 'उतरतो' म्हणते, माझ्या तोंडात हे दोन कधी एक होत नाहीत. पुरुषाच्या तोंडात होतात. एकटा असला तरी उतरतो, दहा असले तरी उतरतो. हे मी सातवीच्या वर्गाला फळ्यावर कोष्टक काढून शिकवत होते. आणि त्याने खात्री करून घेतली होती. ठीक? त्याने विचारलं होतं, धरलंस ना? मी म्हटलं होतं, ठीक, ठीक. मग माझ्या शब्दावर विसंबून त्याने अंग मागे टाकलं, आणि त्याच क्षणी मी दोर दगडावर ठेवून चिक्की खात होते.

आमच्यात कोणताही वाद नव्हता. दोघांनी मिळून ठरवलं होतं. फक्त त्याने एक ठरवलं होतं आणि मी दुसरंच.

"ताई, बरं वाटत नाही का?" शैला विचारत होती.

मी व्हरांड्याच्या टोकाला जाऊन बेसिनमध्ये ओकले.

अप्पा त्यांच्या सायकलच्या दुकानात होते. मी सगळं सांगितलं, कपासकट. ते एका चाकाच्या तारा आवळत होते. आवळता आवळता थांबले. बराच वेळ चाक नुसतंच फिरत राहिलं.

"तुला खात्री आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही. त्यालाच आठवत नाही, तर खात्री कोण देणार? पण तुम्हीच सांगा, शशीने आजवर कधी न सांगता भार टाकलाय?"

"नाही."

"मग?"

अप्पा हळू आवाजात म्हणाले, "निर्मला, तुझे हात बघ. तू त्याला वाचवलंस हे खोटं नाही. आता तू हे लिहून दिलंस, तर सगळे म्हणतील, हिनेच सोडला. शाळेत म्हणतील. तुझ्या घरी म्हणतील. त्याला आठवत नाही. त्याने मान्यही केलंय. अपघात होता गं."

"अपघात होता तर त्या रकान्यात त्याचं नाव कशाला?"

"काहीतरी लिहावं लागतं. रकाना आहे."

मला अप्पांचा राग आला नाही, हेच वाईट. ते बोलत होते ते मला हवं होतं. खिंडीत बसून हवं होतं तसंच. मी त्यांच्याकडून कोरा फॉर्म मागून घेतला. त्यांनी दिला. जाताना एवढंच म्हणाले, "त्याला सांगणार असशील तर सांभाळून सांग."

सांभाळून कसं सांगायचं असतं, ते मला कोणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शशी उशाला टेकून पडला होता. पायाला वजनं लटकवलेली. मला बघून म्हणाला, "या बाई. हातांचं कसं?"

"शशी, चूक तुझी नव्हती."

"असू दे गं. झालं ते झालं."

"ऐकून घे. तू 'आपण उतरतो' म्हणालास."

"अहवालात आहे ना."

"आपण म्हणजे तू. तुझ्या तात्यांसारखं. मी ऐकलं, आपण दोघं. मला वाटलं माघार."

तो छताच्या पंख्याकडे बघत होता. पंखा बंद होता.

"मग?" त्याने विचारलं.

"मग मी दोर सोडला."

"सोडलास."

"हो."

"मी उतरतोय म्हणत होतो, आणि तू सोडलास."

"हो."

"तू ठीक म्हणालीस असं लिहिलंय त्यात."

"म्हणाले. तू परत विचारलंस, तेव्हा परत म्हणाले."

त्याचा चेहरा मी आजही सांगू शकत नाही. राग असता तर बरं झालं असतं. त्याच्या चेहऱ्यावरून रक्तच उतरलं. मला वाटलं, तो आत्ता पडतोय. पाच दिवसांपूर्वी पडला ते त्याच्या आठवणीत नव्हतं, ते आत्ता पडणं होतं, आणि मी पुन्हा समोर बसून बघत होते. त्याने मान भिंतीकडे वळवली. सिस्टर आली, तापमान बघून गेली. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला कोणीतरी पेज भरवलं. मी हलले नाही.

मग तो भिंतीशीच बोलला. "चार दिवस आपण देवाला इचारतोय. आपण असं कसं केलं. बाईचे हात कसे जाळले. आपण असले नाय, मग कसं केलं."

मी ऐकत होते. त्याचं सगळं जुनं बोलणं परत आलं होतं. मी एकाही शब्दाला टोकलं नाही.

"तू मला हसली होतीस," तो म्हणाला. "कांद्यावरून. आठवतं?"

"आठवतं."

"तेव्हापासून आपण हा शब्द जपून वापरतो. घरी पण. तिथं वर काय झालं कोणास ठाऊक."

"मला माफ कर" म्हणायला मी तोंड उघडलं, पण ते शब्द फारच छोटे वाटले. मी पिशवीतून कोरा फॉर्म काढला. "मी नवीन अहवाल आणलाय. 'दोर निर्मला दाबके हिने सोडला.' एवढंच लिहायचं आहे. पण माझ्या हातात पेन धरवत नाही. मी सांगते, तू लिही."

त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग फॉर्मकडे.

"धर," तो म्हणाला.

उताण्या माणसाला लिहिता यावं म्हणून मी पुठ्ठा त्याच्या छातीवर तिरका धरला. दोन्ही पंजांनी, कोपर खाटेच्या कडेला टेकवून. त्याने पेन घेतलं. पुठ्ठा हलत होता, कारण माझे हात दुखत होते.

"नीट धर," तो म्हणाला. "आता सोडू नको."

"नाही सोडत."

वरच्या ओळी मी सांगितल्या तशा त्याने लिहिल्या. दोर कोणी धरला होता, कोणी कधी सोडला, माझं पूर्ण नाव, काहीही न गाळता. मग तो 'चूक कोणाची' या रकान्याशी आला. मी म्हटलं, "निर्मला गोविंद दाबके." त्याने ऐकलं. पेन कागदावर टेकवलं आणि हळूहळू, शाळकरी अक्षरात, दोन शब्द लिहिले.

आपण चुकलो.

पुढचं थोडक्यात सांगून टाकते. अप्पांनी तो रकाना वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. "आपण म्हणजे? मी का?" त्यांनी विचारलं. वाचणाऱ्याला तसंही वाचता येतं. हाका काय द्यायच्या आणि त्यांचा अर्थ काय, ते अप्पांनीच ठरवलं होतं. 'उतरतो' हा एकच शब्द त्यांनी दोन्ही कामांना ठेवला होता. संध्याकाळी त्यांनी त्या दोन शब्दांखाली स्वतःची सही केली आणि फॉर्म तसाच पाठवून दिला. संस्थेने शशीची जागा राखली. अडीच वर्षांनी तो गेला, एका पायाने किंचित लंगडत. मी पुन्हा कधी कोणाचा दोर धरला नाही.

पण त्या सकाळी, पुठ्ठा माझ्या हातांत असताना, हे सगळं व्हायचं होतं. शाई ओली होती. मी ते दोन शब्द दोनदा वाचले.

"शशी, आपण म्हणजे कोण?" मी विचारलं. "तू एकटा, की आपण दोघं?"

त्याने पेनाचं टोपण लावलं. डोळे मिटून घेतले.

"तू मराठीची बाई ना," तो म्हणाला. "तूच सांग."

पस्तीस वर्षं झाली. मी अजून सांगितलेलं नाही.